सिनिवाचं थडगं आणि डॉलरचा भाव

३ जुलै
लानुओला आज ऑकलंडला परत गेली. आईच्या अंत्यविधीला आली, रडली, आलेल्या-गेलेल्यांना रिवाजाप्रमाणे मांसाचे डबे वाटले आणि गेली. जाताना हातात पाकीट दिलं. न्यूझीलंडच्या डॉलरच्या नोटा. म्हणाली, "बाबा, आपियाला बँकेत जाऊन हे आपल्या तालांत बदलून घ्या. अंगणात पुरलंय तिथं आईचं थडगं बांधा. पांढऱ्या टाइल्स, वर छप्पर. नाताळला मुलांना घेऊन येते, तेव्हा तयार दिसलं पाहिजे."
दिसेल. महिन्याभराचं काम. उद्याच जातो.

४ जुलै
गेलो नाही. सकाळी रेडिओवर भाव ऐकला. डॉलरला एक ताला ऐंशी. हा काय भाव झाला? अर्धं आयुष्य मी त्याच रेडिओवर बातम्यांनंतर भाव वाचले. मला शिकवू नये कोणी. टार्गेट: एक पंच्याऐंशी. जुलैअखेर सहज.

१९ जुलै
भावाचा इतिहास आठवून लिहून काढला, आलेखही काढला. सदुसष्ट साली ताला आला तेव्हा तो आणि डॉलर बरोबरीत होते. एकाला एक. आमचं लग्न झालं तेव्हा तर डॉलरला पुरा तालाही पडत नसे. सिनिवा म्हणायची, "आता तिकडचे लोक आपल्याकडे भांडी घासायला येणार." मग डॉलर चढला. लानुओला तिकडे गेली तोवर दीडच्या पुढे.
निष्कर्ष: भाव शेवटी वरच जातो, धीर हवा. सिनिवाला हे कधी पटलं नाही. मी समजावायला लागलो की म्हणायची, "वाचून झालं असेल तर नारळ खवून द्या."

८ ऑगस्ट
भाव: तिथेच.
एसेता आली होती. सिनिवाची थोरली बहीण, रस्त्यापलीकडे राहते. म्हणाली, "फिलेमोनी, माझी बहीण अंगणात ताडपत्रीखाली पडलीय. तुम्ही कशाची वाट बघताय?" मी आलेख दाखवला. म्हणाली, "मग तोच पांघरा तिच्यावर."
हिला अर्थशास्त्र कळत नाही.
भाजलेला नीरफणस ठेवून गेली. खाल्ला नाही. उद्यापासून वेळेवर जेवायचं.

१२ सप्टेंबर
एक ब्याऐंशी. माझा अंदाज खरा ठरतोय.
तानिएलु गवंडी मापं घ्यायला आला. एसेतानंच पाठवला असणार. टेप काढून विचारतो, "डोकं कुठल्या बाजूला?" मी त्याला आजचा भाव सांगितला. तो टेप गुंडाळून गेला.

६ ऑक्टोबर
एक पंच्याऐंशी!! टार्गेट गाठलं. म्हटलं होतं ना?
आंघोळ. इस्त्रीचा शर्ट. पाकीट खिशात. बसची वाट बघत उभा राहिलो. बस आली.
गुडघा दुखत होता.
शिवाय, चढत्या भावात विकतो तो मूर्ख. नवं टार्गेट: एक नव्वद.

१० नोव्हेंबर
एक अठ्ठ्याऐंशी. आज आपियापर्यंत गेलो. रांगेतही उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कशासाठी हवेत पैसे?" सगळ्यांनाच विचारतात म्हणे. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मागचे लोक कुरकुरले.
येताना साबण आणला, सिनिवा वापरायची तो. घरी पाहिलं तर दोन आधीचेच होते.
बाजार अजून स्थिर नाही.

२ डिसेंबर
एक एकोणऐंशी. तात्पुरती घसरण.

११ डिसेंबर
एक शहात्तर. घाबरायचं काही कारण नाही.
वाऱ्यानं ताडपत्री उडाली. एसेताच्या मुलांनी शोधून आणली. कडेला जास्तीचे दगड ठेवले.
लानुओलाचा फोन. "झालं ना, बाबा?" म्हटलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे. खोटं नाही. नियोजनाचा शेवटचा टप्पा चालूच आहे.

१९ डिसेंबर
लानुओला आली. बॅगा हातातच, ताडपत्रीसमोर उभी. मुलं मागे. ती ओरडेल म्हणून मी सदुसष्ट सालापासूनची मांडणी तयार ठेवली होती. तिनं एवढंच विचारलं, "पाकीट कुठंय?" दिलं. ती तडक तानिएलुकडे गेली.
तानिएलुनं नोटा आहेत तशा घेतल्या. त्याचा मुलगा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातो, जाताना त्याला डॉलरच लागतात. मला म्हणाला, "बदलायचं कशाला काका? मला नुसतं विचारायचं होतंत."
मी विचारलं, "कुठल्या भावानं?"
म्हणाला, "तुम्ही म्हणाल त्या."


२० डिसेंबर
जेवताना लानुओला म्हणाली, "एसेता मावशी म्हणत होती, ऑक्टोबरमध्ये एक पंच्याऐंशी झाला होता. तुम्हाला तेवढाच हवा होता ना?"
मी गुडघ्याचं सांगितलं.
ती उठली. नारळाचं तेल घेऊन आली आणि गुडघा चोळत बसली. दुसरा. दुखतो तो डावा. सांगितलं नाही.

३० डिसेंबर
नाताळ हुकला, पण झालं. पांढऱ्या टाइल्स, वर छप्पर. नातवंडं लगेच वर चढून बिस्किटं खायला लागली. एसेतानं एका कोपऱ्यात ओले टॉवेल वाळायला पसरले.
लानुओला म्हणाली, "बसा ना, बाबा." बसलो. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. पाठ दुखायला लागली.
मग लक्षात आलं, छप्पर फार रुंद आहे. सिनिवाच्या शेजारी आणखी एकाची जागा मोकळी सोडलीय. मला कोणी विचारलं नव्हतं. लानुओलाला विचारलं. ती टॉवेल सरळ करत म्हणाली, "दोन्ही एकदमच करून घेतलं, बाबा. पुढे सगळं महाग होईल."
म्हटलं, बरोबर आहे.
जेवायला हाक मारली. गेलो.