नऊ मेंढ्या ज्याच्या त्याला परत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मेंढीपालन आणि लोकर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा दाखला द्यायला आमचे गुरांचे डॉक्टर तयार होते, पण वकिलांनी माणसांच्या डॉक्टरांचा आणायला लावला. तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही, तेवढी कोणाची छाती नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हेही रागातच करते आहे, पण या वेळी राग योग्य माणसांवर आहे.

१. राहते घर मुलाला. तो शहरात प्लॅस्टिकच्या धाग्याची ब्लँकेटे विकतो आणि वर्षातून एकदा इथे येतो तेव्हा नाकाला रुमाल लावतो. घर विकताना गिऱ्हाईक वासाबद्दल विचारील. त्याने खरे सांगावे, की तो ओल्या लोकरीचा वास आहे आणि त्यावरच तो शिकला.

२. बँकेतली शिल्लक आणि कानातले मुलीला. ती फोनवर मला पुरते बोलू देते.

३. लोकर कातरण्याच्या चार कातऱ्यांपैकी तीन धारेच्या कातऱ्या खालील कलम ७ मधल्या माणसाला. चौथी बोथट आहे, ती सुनेला. तिला धारेची गरज नाही, जीभ आहे.

४. धाकट्या दिराला काहीही नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही ठेवू नये, असे वकिलांनी समजावून सांगितल्यावर मी दिरालाच साक्षीदार केले आहे. सही करण्याआधी त्याने हे सगळे मोठ्याने वाचायचे आहे. चष्मा विसरल्यास माझा वापरावा.

५. आता कळप. हे भिजत घोंगडे मी मागे ठेवणार नाही. आमच्या मेंढ्या करड्या जातीच्या. वरचे केस वीतभर लांब आणि राठ, खाली मऊ लव. पाऊस वरच्या केसांवरून ओघळून जातो, ऊब आत राहते. या लोकरीची घोंगडी अंगाला टोचते, पण इतकी टिकते, की आईची घोंगडी मुलगी वापरते. माझ्या सासऱ्यांनी हा कळप निवडून निवडून दोनशे दहापर्यंत नेला होता.

दिराने पैदास केंद्रातून पांढरा मेंढा आणला. बारीक, कुरळी, दुधासारखी लोकर. दिसायला राजबिंडा, चिखलात चार दिवस उभा केला की खूर कुजणार. दिराचे म्हणणे होते की, त्याचा आणि आमच्या मेंढ्यांचा संकर केला तर गिरणी लोकर दारातून उचलील. मी नाही म्हटले. दोन कळपांत कुंपण होते. मेंढा कोणत्या मेंढीवर गेला हे कळावे म्हणून त्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग फासतात, तो मेंढीच्या पाठीवर उतरतो. आमच्या मेंढ्याला गेरू, दिराच्या मेंढ्याला नीळ.

अकरा वर्षांपूर्वी मी यजमानांना घेऊन अठरा दिवस हॉस्पिटलात होते. त्यांना घेऊन परत आले तर माझ्या दोनशे एक मेंढ्यांच्या पाठी निळ्या होत्या.

उरलेल्या नऊ लोकरीच्या खोलीत कोंडलेल्या सापडल्या. सहा पोती लोकर त्यांनी तुडवून, घाण करून ठेवली होती. आमचा मेंढपाळ दारात उभा होता. एकतीस वर्षे आमच्याकडे, अंगाने लहान म्हणून सगळे त्याला पावशेर म्हणत. मी त्याला लोकर कातरणाऱ्या बायकांसमोर विचारले, कुंपणाचे दार कोणी उघडले. तो म्हणाला, "मी उघडलं, बाई. का ते मालकांना विचारा."

मालक वरच्या खोलीत पडून होते, खिडकी उघडी होती. आजारी माणसाला कसला त्रास द्यायचा, असे मी म्हणाले आणि पावशेरला त्याच दिवशी हाकलले. वर त्या सहा पोत्यांवरूनही बोलले. खिडकीतून एक शब्द खाली आला नाही. पुढच्याच महिन्यात यजमान गेले.

पुढे जी कोकरे झाली त्यांची लोकर पांढरी, पण मधूनमधून काळे राठ केस. काळ्या केसाला रंग लागत नाही, म्हणून गिरणीने ती परत पाठवली. घोंगडीला घेतली तर पाणी आत. ना घरची ना घाटाची. पहिल्याच पावसाळ्यात निम्मी लंगडी झाली. दिराने आपला हिस्सा विकून मोटारींच्या टायरांचे दुकान काढले, ते उत्तम चालते.

६. गेल्या वर्षी पैदाशीच्या जुन्या वह्या चाळताना यजमानांच्या अक्षरात नोंद सापडली: 'धाकट्याचा मेंढा आपल्या सगळ्या मेंढ्यांत सोडण्यास पावशेरला सांगितले. तो नको म्हणत होता. हिला कळवू नये.' दहा वर्षे मी त्या माणसाचा फोटो रोज पुसत होते. दिराला जाब विचारला, तर म्हणाला, "दादानं शपथ घातली होती, वहिनी." आपलेच दात, आपलेच ओठ. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती मात्र मी, माझ्या तोंडाने. भिंतीवरचा आमचा जोडीचा फोटो मधोमध कापावा. त्यांचा अर्धा दिराने न्यावा. वकील म्हणतात, त्याला किंमत नसल्याने चालते.

त्या नऊ मेंढ्या खोलीत का होत्या, हे नोंद वाचल्यावर मला कळले. मालकाचा हुकूम मोडता येत नव्हता म्हणून त्याने कळपातल्या सर्वांत अस्सल नऊ निवडल्या आणि कुलूप लावले. अठरा दिवस तो त्यांना खोलीत चारा-पाणी देत होता. लोकर तुडवली जाणार हे त्याला ठाऊक होते.

७. आज माझ्याकडे सव्वीस करड्या मेंढ्या आणि दोन मेंढे आहेत. सगळे त्या नऊंचे. ते, कुरण, लोकरीची खोली आणि पैदाशीच्या वह्या पावशेरला. मी त्याला काही देत नाही, त्याचे त्याला परत करते. मुलाने यात आडवे येऊ नये.

८. वकिलांनी कलम ७ मधल्या वारसाचे खरे नाव विचारले. मला ते ठाऊक नाही. एकतीस वर्षे तो माझ्या दारात जेवला आणि मी कधी विचारले नाही. म्हणून मागच्या महिन्यात स्वतः गेले. तो ब्लँकेटांच्या कारखान्याच्या फाटकावर राखणदार आहे. त्याने मला ओळखले, पण वही पुढे सरकवली. म्हणाला, "नाव लिहा, बाई. कुणाला भेटायचंय तेही लिहा."

माझे नाव लिहिले. दुसऱ्या रकान्यापाशी हात थांबला. शेवटी मी 'राखणदार' असे लिहिले. त्याने ते वाचले, वही मिटली आणि म्हणाला, "राखणदाराला कामावर भेटता येत नाही." मी परत आले. माफी मागायची राहिली, ती येथे मागते.

वकील म्हणतात, वर्णन पुरते: ठेंगणा, डाव्या अंगठ्याला नख नाही, आमच्याकडे एकतीस वर्षे मेंढपाळ. कायद्याला पुरत असेल.

९. सहीपूर्वीची जोड. दिराने वरील सर्व वाचले. कलम ८ शी थांबून तो म्हणाला, "वहिनी, त्याचं नाव मला माहीत आहे." तो सांगणार होता. मी त्याला गप्प केले. मुलाने फाटकावर जावे, नाकाचा रुमाल खिशात ठेवावा, माझी माफी वाचून दाखवावी आणि मगच नाव विचारावे. त्याने सांगितले तर खालच्या जागेत लिहावे. न सांगितले तर जागा कोरी ठेवावी, मेंढ्या तरीही त्याच्याच.

नाव: ____________________

सही (स्वहस्ते)

साक्षीदार १: धाकटे दीर. वाचून सही केली, चष्मा माझा.
साक्षीदार २: गुरांचे डॉक्टर.

ठिकाण: लोकरीची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेदहा