खुळखुळ्यातल्या बिया

दि. ३ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' तीन वर्षांनी पुन्हा लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुझ्या लग्नाला आलो नाही. गुडघ्याचं कारण कळवलं होतं. गुडघा दुखत होता हे खरं, पण एवढा नाही.

इकडे सगळं ठीक. एका शाळेचे चाळीस बाक दुरुस्तीला आलेत. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं, ते रंध्यानं काढायचं. तुझ्या सासूचा खोकला बरा आहे. टिल्लीचा दात पडला का? ती आता सहा वर्षांची, म्हणजे पडायलाच हवा.

मागे फोनवर तू म्हणालीस, "बाबा, झाड गेलं ते गेलं, पण एखादी शेंग तरी असेल ना? टिल्लीला तिच्या बाबांच्या बहाव्याचं रोप लावायचंय." मी म्हटलं, वाऱ्यात झाड पडलं, शेंगा त्याच्याबरोबरच गेल्या. आणि घाईघाईनं फोन ठेवला.

आठ दिवसांनी टिल्लीचा खेळण्यांचा खण साफ करताना तिचा खुळखुळा सापडला. आठवतो? हातभर लांबीची, वाळून काळी झालेली बहाव्याची शेंग. ती वाजवत घरभर हिंडायची आणि दुपारी मला डोळा लागू द्यायची नाही. ती शेंग मी फोडली. बऱ्याच बिया किडीनं पोखरल्या होत्या. धड निघाल्या एकवीस.

रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "काका, हे बी फार टणक. पॉलिशपेपरवर घासा, मग रात्रभर पाण्यात ठेवा." मला हसूच आलं. पन्नास वर्षं लाकूड घासतोय, आणि हा मला घासायला शिकवणार! बसलो ऐटीत. आठ बिया दोन्ही अंगांनी, कडेनं, बोटाला कुठे काही लागू नये इतक्या गुळगुळीत केल्या. पाण्यात टम्म फुगल्या आणि तिसऱ्या दिवशी वास मारायला लागल्या.

"बी घासताय की टेबल?" ही म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी ती माझ्याशी कामाबाहेरचं काही बोलली.

पुन्हा त्या माणसाकडे गेलो. त्यानं कपाळाला हात लावला. बी शेंगेत जिथे चिकटलेलं असतं तो त्याचा डोळा. कोंब तिथेच असतो, त्या टोकाला हात लावायचा नाही. दुसऱ्या टोकाला जरासं घासायचं, पांढुरका ठिपका दिसला की थांबायचं. थांबणं मला कधी जमलंय, सूनबाई?

आता झाडाचं लिहितो. चार पत्रं फाडून हे पाचवं लिहितोय.

वारा आलाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात तू लग्नाचं विचारायला आलीस. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणालीस, "तुम्ही हो म्हणालात तरच करेन, बाबा." मी हो म्हटलं. टिल्लीचा खुळखुळा चालू होता, तिला उगाचच ओरडलो. तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत काढली. झाड फुलांनी नुसतं पिवळं झालं होतं. आपल्या पोरानं दहा वर्षांचा असताना लावलेलं. कापताना फुलं डोक्यावर पडत होती, सदऱ्याच्या खिशात पडत होती, तरी मी थांबलो नाही. तुला नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता आणि हो म्हणणं सोसत नव्हतं. तो राग झाडावर काढला. तू त्याला सोडून चाललीस असं मला वाटत होतं. त्याला सोडलं मी.

ही दारात उभी होती. "आज दुसऱ्यांदा गेला तो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

उरलेल्या तेरांपैकी आठ बिया पुन्हा पेरल्या. एक उगवली. दोन जाडसर पानं. तासातासाला उठून बघायचो, दिवसातून चार वेळा पाणी घालायचो. एकोणीस दिवस जगली, मग मुळाशी कुजली. पोर गेला तेव्हा लोकांसमोर मी रडलो नव्हतो. त्या कुंडीपुढे बसून पोटभर रडलो. ही जवळ येऊन बसली.

पाच बिया राहिल्या आहेत. माझ्या हातांवर आता माझा भरवसा नाही, म्हणून पुडीत बांधून पाठवतोय. सोबत पॉलिशपेपरचा तुकडा आहे. डोळ्याकडच्या बाजूला शाईनं ठिपका दिलाय, ती बाजू सोड. पाणी बेतानं घाल. फुलायला सात-आठ वर्षं लागतील, मी काही बघायला नसेन. टिल्ली मोठी झाली की आधीचं झाड कुणी तोडलं ते तिला खरं सांग. वाऱ्यावर उगाच आळ नको. तिचा खुळखुळाही मीच मोडला, तेही सांग.

एक मागणं आहे. रोप हातभर झालं की दारात लाव. खड्डा जावईबापूंना खणू दे, त्यांना माझा आशीर्वाद सांग. आणि झाड कुठून आणलं असं कुणी विचारलं, तर माहेरून आलंय म्हण.

तुझे,
बाबा