डब्यांवर नाव नसलेली गिरणी

अल्माटी

आईला तुझ्या आमूचा लांबून जयभीम.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय. थंडी खूप आहे, पण तुझी गोधडी पुरते. जेवतेही वेळेवर.

मी व्यवसायाचा जो वर्ग शिकवते, त्यातले सगळे माझ्यापेक्षा मोठे, कामधंदा सांभाळून शिकणारे. त्यांना या आठवड्यात उदाहरण म्हणून आपली बिबवेवाडीची पिठाची गिरणी शिकवली. लोक दळणाचे डबे ठेवून जातात, कुठल्याच डब्यावर नाव नसतं, तरी तू कुणाचं पीठ कुणाला देत नाहीस, हे त्यांना पटेचना. झाकणावरून ओळखते का, विचारत होते. खरंच, कशावरून ओळखतेस गं?

वर्गातल्या बेकरीवाल्या दिनाराबाईंनी मात्र विचारलं, "आई आजारी पडली तर?"

मी म्हटलं, माझा भाऊ समाधान आहे.

"त्याला डबे ओळखता येतात?"

मी फळा पुसायला घेतला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तू या डब्यांपायीच लांबवतेस ना? रविवारी समाधानला हिंजवडीला कामाला जायचं नसतं. त्याला गिरणीत उभा कर. चुकू दे. कुणाची ज्वारी कुणाकडे गेली तर लोक दोन शब्द बोलतील आणि डबा बदलून नेतील.

मंगळवारी दिनाराबाई पुन्हा विचारणार. त्यांना ऑपरेशनची तारीख सांगेन म्हणते. ती तेवढी विषय न बदलता कळव.

तुझी,
आमू