बियरचं विरजण

बाबा, तुझी बरणी कालपासून माझ्या ताब्यात आहे. तुझी सून भाच्याच्या हळदीला माहेरी, नावड्याला गेली आहे.

बियरच्या कारखान्यातून निवृत्त झालास आणि नेरूळच्या या स्वयंपाकघरात घरची बियर करू लागलास. माल्टचं पाणी उकळायचं, पार गार करायचं आणि मागच्या खेपेला तळाशी बसलेलं यीस्ट त्यात सोडायचं. तू त्याला विरजण म्हणायचास. ते जागं व्हावं म्हणून येता-जाता बरणी हलवायची, एवढंच काम. मी हात पुढे केला की ओरडायचास, "तू नको रं! भांडन केल्यासारखा हलवतस." आणि तिला मात्र, "सुने, तुजे हाताला गुन हाय." पोटचा पोरगा मी, आणि तुझी ही विद्या गेली तिच्याकडे. तुम्ही दोघं बरणीला कान लावून हसायचात, मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायचो. जळायचो, बाबा. अजून जळतो.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती प्रत्येक खेपेचा गाळ जपते, त्यातूनच पुढचं विरजण लावते. म्हणजे तुझं यीस्ट आमच्या फ्रीजमध्ये, सुक्या जवळ्याच्या डब्याशेजारी, अजून जिवंत आहे. तेही तिचंच. यंदा लग्नाच्या धावपळीत गाळ फार दिवस पडून राहिला. जागा होईल याचा भरवसा नव्हता. काल विरजण लावून निघताना म्हणाली, "बाबांचं एवढंच उरलंय. येता-जाता हलवा. नि हळू."

मी हळू हलवली. चहा ठेवताना, अंघोळीला जाताना, उगीचच. आज संध्याकाळी वर बोटभर फेस आला. कान लावला तर आत बारीक चुरचुर. एवढा बाप्या मी, ओट्याशी उभा राहून रडलो.

तेवढ्यात तिचा फोन. मागे हळदीचा बेंजो वाजत होता.

"आला का फेस?"

"नाय अजून."

एक दिवस तरी तू माझा एकट्याचा असावास, म्हणून तसं म्हणालो. ती मग म्हणाली, "म्हंजे आता बाबा खरंच गेलं," आणि त्या गोंगाटात हुंदके देऊ लागली. तू गेलास तेव्हाही ती माझ्याहून जास्त रडली होती, आणि तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं.

हे पत्र कुठे धाडणार? खरं तर तिला फोन लावायला हवा. लावतो. आधी बरणी अजून एकदा हलवून घेतो.