मालाडच्या स्थळाचा राग पाहायला गेलो, त्याची हकीकत

अंधेरी, मंगळवार

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,

नंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. तुमचा गुडघा आणि अक्काचा खोकला यांची खबर तुमच्या पत्रात नव्हती, तेव्हा दोन्ही जागच्या जागी असणार असं धरून चालतो. तुमची माणिक आमच्याकडे छान रुळली आहे, तिची शाळेतली नोकरी झकास चालली आहे. (झकास हा शब्द तुम्हाला खपत नाही, पण मुंबईत राहून दुसरा कुठून आणू?)

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत, की विद्याधरचं स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं, वीज कंपनीत कायमची नोकरी, घरात आई तेवढी. फक्त मुलगा तापट आहे की काय ते नंदूने गुपचूप पाहून यावं. तुमचं अगदी बरोबर आहे. थोरल्या जयंतीच्या वेळी आपण पगार पाहिला, घर पाहिलं, आणि स्वभाव पाहायचा राहिला. आता आमटी अळणी झाली की जावईबापू ताट भिरकावतात आणि पोर ते माहेरी येऊन हसत सांगते. ते हसू मला बघवत नाही. म्हणून धाकटीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं आणि रविवारी न कळवता मालाडला जाऊन थडकलो. (कळवून गेलं की कुठलाही नवरामुलगा तास-दोन तास गाय होऊन बसतो.)

स्वारी घरामागच्या पडवीत होती. अंगात बनियन, केसांत लाकडाचा भुसा, पुढ्यात गिटार. गिटार म्हणजे वांद्र्याची ख्रिस्ती मंडळी मांडीवर धरून वाजवतात ती. नोकरी सांभाळून हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने गिटारी बनवतो! मी आल्या आल्या खडा टाकून पाहिला, की हे बुलबुलतरंग वाटतं. दुसरा एखादा उखडला असता. हा खो खो हसला आणि मला बसायला स्टूल पुसून दिलं. मी मनात म्हटलं, नंदू, हे पाणी खोल आहे.

आणि मग, भावोजी, त्याने मला ते यंत्र दाखवलं. गिटारच्या कडेने एक पांढरी पट्टी बसवतात, लुगड्याला काठ असतो तशी. ती बसायला आधी कडेभर सारखी खाच पाडावी लागते. खाच पाडणारं यंत्र म्हणजे राउटर, तांब्याएवढी मोटर आणि खाली गरागरा फिरणारं पातं. (एका जहाजावरच्या सुताराकडून मिळवलंय.) आता गंमत अशी, की गिटारची पाठ मध्ये फुगीर असते. यंत्र तिच्यावर टेकवून चालवलं की ते कलतं, आणि खाच कुठे खोल, कुठे उथळ. यावर या पठ्ठ्याने काय करावं? घरच्या घरी लाकडाचा साचा केला. त्यात यंत्र असं टांगलं, की ते वरखाली होतं, पण कलायचं नाव नाही. गिटार चाकांच्या पाटावर आवळून बसवायची आणि पाट फिरवायचा. यंत्र एका जागी ताठ. अहो, काय ती खाच! नख फिरवलं तर कुठे अडत नाही. मी तोंड वासून बघत राहिलो, चौकशी गेली चुलीत.

पाट फिरवायला दुसरं माणूस असलं की बरं पडतं, असं तो सहज बोलला, आणि मी कोट काढला. (कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.) त्याने मला नीट समजावलं, की गिटार मध्ये बारीक होते त्या कमरेशी आलं की थांबायचं आणि पाट उलटा फिरवायचा, नाहीतर पातं लाकडाचे तंतू उचकटतं. मी मान डोलावली. पण जन्मभर देवळात जाणारा माणूस मी, माझ्या हातापायांना गोल फिरायची एकच दिशा ठाऊक. प्रदक्षिणा कोणी उलटी घालतं का? कमरेशी आलो आणि हात आपले भक्तिभावाने पुढेच गेले. कडाड! शिसवीचा बोटभर कपचा उडून भिंतीवर आपटला.

वाट लागली! गिटारची लागलीच, पण माझ्या डोळ्यांपुढे माणिक उभी राहिली. चांगलं चालत आलेलं स्थळ मामाने आपल्या हाताने मोडलं. शिवाय ती गिटार माहीमच्या एका लग्नात वाजायची होती. मी डोळे गच्च मिटले आणि आता हा काय बोलतो त्याची वाट पाहत राहिलो. यंत्र बंद झालं. मग त्याने माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे पाहिले आणि विचारलं, "मामा, बोटं शाबूत आहेत ना?" गिटारकडे त्यानंतर पाहिलं. भावोजी, खरं सांगतो, मला भरून आलं.

उडालेला कपचा उचलून त्याने जागेवर लावून पाहिला. मग पातं बदललं आणि सगळीकडून खाच जरा रुंद केली, म्हणजे जखम पट्टीखाली झाकली जाईल. वर म्हणतो, रुंद काठच जास्त शोभतो. (खोटं असणार. पण किती गोड खोटं!) मुलगा तापट नाही, हे मी लिहून देतो.

तुमचा,
नंदू

ता. क. गोत्र आणि देणंघेणं विचारायचं साफ राहून गेलं. त्याच्या आईने पोहे दिले, ते खाल्ले. लग्न ठरायच्या आधी मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी खाऊ नये हे बशी रिकामी झाल्यावर आठवलं. निघताना त्याला बुधवारी मुलगी पाहायला बोलावून आलो आहे. तुमची परवानगी न घेता बोलावलं म्हणून रागावू नका, या स्थळात तापट काय ते तुम्हीच.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं, आज गुरुवार. काल विद्याधर येऊन गेला. मी त्याच्या साच्याचं इतकं कौतुक लावलं, की आमच्या हिने मला दोनदा आत बोलावून गप्प केलं. तेवढ्यात माणिकने मान वर करून त्यालाच विचारलं, मामांनी मोडलं तेव्हा तुम्हाला राग नाही आला? तो म्हणाला, आला ना, खूप आला. पण मामा माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. माणिकने पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मामाला नका बोलावू. पाट मी फिरवीन."

तेव्हा भावोजी, मागणं एवढंच, पत्रिका जुळेल अशी खात्री नसेल, तर कृपा करून ती पाहूच नका.