चिहारूच्या लग्नात न रडण्याची पूर्वतयारी

६ सप्टेंबर, शनिवार

आमच्या लेकीचं, चिहारूचं लग्न २५ ऑक्टोबरला. हॉलवाल्या बाईंनी आज कागद दिले. जेवणाचा मेनू, खुर्च्यांचा नकाशा आणि 'नवरीच्या पत्रासाठी हृदयस्पर्शी गाणी' अशी तीस गाण्यांची यादी. प्रत्येक गाण्यापुढे अश्रूंचे थेंब छापलेत. पाच थेंब म्हणजे अख्खा हॉल गारद.

शेवटी नवरी आईबापांना लिहिलेलं पत्र माइकवर वाचते, मागे गाणं वाजतं आणि बाप रडतो. ऑफिसातला हातानो गेल्या वर्षी रडला. इतका की व्याह्यांनी त्याला धरून खुर्चीत बसवलं. तो व्हिडिओ वर्षअखेरच्या पार्टीत दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा लोकाग्रहास्तव.

मी रडणार नाही. बत्तीस वर्षं रस्त्यांवरचं बर्फ वितळवणाऱ्या पंपांची गळती तपासतोय. गळती कुठून सुरू होते हे माझ्याइतकं अख्ख्या नागाओकात कुणाला कळत नसेल.

योजना: सगळी गाणी लग्नाआधीच ऐकून पचवायची. लस टोचून घेतात तसं. खालून सुरुवात, नंबर एक शेवटी. फुमिएला कळता कामा नये. तीस वर्षांच्या संसारात या बाईने मला रडताना पाहिलेलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार, सं. ६

जागा ठरली. सुपरमार्केटचं पार्किंग, कोपऱ्यात, गाडीच्या काचा बंद.

नंबर तीस. एक थेंब. शाळा संपली, मित्रमैत्रिणी चालले. गळती: शून्य. नंबर एकोणतीस. मोटरसायकलवरून निघून गेलेला कुणीतरी. शून्य.

फारच सोपं आहे. हातानोची कीव आली.

११ सप्टेंबर, गुरुवार

नंबर बावीस. गावाकडची आई शहरातल्या मुलाला खोकं पाठवते. त्यात तांदूळ, मुळ्याचं लोणचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोजे. आठवण येते असं ती एकदाही म्हणत नाही, नुसती मोज्यांबद्दल बोलते. हा चक्क अन्याय आहे. माणूस आठवणीची तयारी ठेवून बसतो आणि हे लोक मोजे काढतात.

गळती: उजवा डोळा, किरकोळ. कारण: एसीचा झोत. उद्यापासून एसी बंद.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एसी बंद होता. कारण: उकाडा.

१७ सप्टेंबर, बुधवार

मोठा शोध. सगळ्या गाण्यांत एकच युक्ती आहे. शेवटच्या कडव्याआधी वाद्यं थांबतात, गाणारा श्वास घेतो आणि सूर अर्धी पायरी वर चढतो. जे काय व्हायचं ते त्या श्वासाला होतं. यंत्र समजलं की दुरुस्ती सोपी.

उपाय: तो श्वास आला की पंपाचे भाग क्रमाने म्हणायचे. केसिंग, शाफ्ट, सील, बेअरिंग. नंबर अठरावर प्रयोग केला. सीलपर्यंत पोचलो. पहिल्या प्रयत्नाला हे उत्तमच म्हणायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

नंबर चौदा चालू असताना पार्किंगच्या म्हाताऱ्या गार्डने काचेवर टकटक केलं. गार चहाची बाटली आत दिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला. माझा चेहरा त्या वेळी थोडा ओला होता. घाम.

२७ सप्टेंबर, शनिवार

शेजारच्या इगाराशी बाईंनी दारात वांग्यांची पिशवी ठेवली. वर चिठ्ठी: सगळं ठीक होईल, धीर धरा.

फुमिए म्हणाली, अहो, नोकरी गेली का तुमची? गल्लीत सगळे म्हणतायत, तोदोरोकीसान रोज संध्याकाळी गाडीत बसून रडतात. मी म्हणालो, ऑफिसचे फोन असतात, गंभीर विषय असतात. ती म्हणाली, बरं.

एवढ्या लवकर पटेल असं वाटलं नव्हतं. खोटं बोलणं मला जमतं, हे या वयात कळलं. वांगी मिसोत परतली. छान झाली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चिहारू आणि कोसुके जेवायला आले. जावई चांगला आहे, पण हळवा. टीव्हीवर हरवलेला कुत्रा घरी परतल्याची बातमी लागली तर याने चॉपस्टिक्स खाली ठेवून डोळे पुसले. अशा माणसाच्या हाती मुलगी द्यायची म्हणजे जरा काळजीच.

चिहारू म्हणाली, बाबा, पत्राचं गाणं तुम्हीच निवडा ना.

मनातल्या मनात उडीच मारली. चेहरा गंभीर ठेवून नंबर तीस सुचवला. ती म्हणाली, अहो बाबा, ते तर सकाळच्या कवायतीचं वाटतं. मी म्हणालो, साधेपणातच खरी भावना असते. कोसुके म्हणाला, किती खरंय, आणि पुन्हा डोळे पुसले.

लढाई सुरू होण्याआधीच जिंकली. तरी सराव चालू ठेवतो. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ ऑक्टोबर, रविवार

नंबर दोन. पाच थेंब. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाप तिच्या जुन्या सायकलच्या चाकांत हवा भरतो. सायकल ती नेणार नाहीये. त्यालाही माहीत आहे. तरी भरतो.

पंपाचे सगळे भाग म्हटले. मग वॉशरपासून उलटे म्हटले. मग कंपनीच्या सगळ्या शाखांची नावं म्हटली. सव्वा तास तिथेच बसून होतो. नंबर एकला वेळ उरला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आढावा. तीसपैकी एकोणतीस पूर्ण. म्हणजे तयारी जवळजवळ शंभर टक्के. नंबर एक उगाच ऐकण्यात अर्थ नाही, ते वाजणारच नाहीये.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिहारूचा फोन, फुमिएला. पत्राच्या वेळचा बेत तिने बदलला म्हणे. मी विचारलं, आता कोणतं गाणं? फुमिए म्हणाली, तिचं ती बघेल, तुम्ही नका त्यात पडू.

नंबर एक. दुसरं काय असणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

औषधाच्या दुकानातून कानात घालायच्या मेणाच्या गोळ्या आणल्या. कातडीच्या रंगाच्या. दुकानदार म्हणाला, शेजारी घोरतात वाटतं? मी म्हणालो, मुलीचं लग्न आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही.

घरी चाचणी घेतली. फुमिएने जेवायला चार हाका मारल्या म्हणे. एकही पोचली नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार, सं. ७

यश. संपूर्ण, निर्विवाद यश.

पत्राच्या आधी केस नीट करतोय असं दाखवत दोन्ही कानांत गोळ्या सारल्या. आम्ही चौघं आईबाप मागच्या भिंतीशी उभे. समोर लांबवर चिहारू, हातात माइक आणि कागद. तिचे ओठ हलत होते. नव्वद माणसं रडत होती. कोसुकेसाठी वेटरने टॉवेल आणला. फुमिएनेसुद्धा रुमाल काढला. मी खांबासारखा ताठ. पंपाचे भाग म्हणायचीही गरज पडली नाही.

एके ठिकाणी चिहारू थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सगळा हॉलच वळून बघायला लागला. काय करावं सुचेना, म्हणून मान हलवली. जोरात, दोनदा. टाळ्या पडल्या असाव्यात, हात हलताना दिसले. हातानो तर उभा राहिला.

गळती: शून्य.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहा घेताना सहज म्हणालो, गाणं बरं निवडलं होतं, नाही?

फुमिएने कप खाली ठेवला. म्हणाली, कोणतं गाणं? मी म्हणालो, पत्राच्या मागे वाजलं ते. ती म्हणाली, अहो, गाणं नव्हतंच. चिहारूने काढून टाकायला लावलं. तुम्ही गाडीत गाणी लावून रडता ते इगाराशी बाईंनी तिला मागच्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं. चिहारू म्हणाली, बाबांना गाणी झेपत नाहीत, चारचौघांत त्यांची फजिती नको. मी नुसतंच वाचते.

मी विचारलं, मग सगळे माझ्याकडे का बघत होते?

फुमिए म्हणाली, तिने पत्रात विचारलं ना, बाबा, ऐकताय ना?

मग तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. असं वाईट मला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी चिहारूला फोन केला. म्हणालो, ते पत्र पुन्हा एकदा वाच. ती म्हणाली, अहो, काल ऐकलंत की. म्हणालो, नाही ऐकलं. कानात मेण घातलं होतं. मग ती इतकी हसायला लागली की मागून कोसुके काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता. हसता हसताच तिने नाक ओढलं. कागद उलगडल्याचा आवाज आला.

तिने सुरुवातीपासून वाचलं. चार-पाच ओळींनंतर थांबली आणि म्हणाली, बाबा, ऐकताय ना?

फोनवर मान हलवून भागत नाही. आणि आवाज काही केल्या फुटेना. शेवटी फुमिएने माझ्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, ऐकतायत गं. वाच तू पुढे.