बांधावरची खुर्ची

रोहा,
रविवार, तुझा फोन ठेवल्यावर

प्रिय स्पृहा,

आज तू पुन्हा विचारलंस, आणि मी पुन्हा आवाज तुटतोय म्हणून सांगितलं. आवाज तुटत नव्हता. तुझ्या मागे ट्राम गेल्याचंही मला ऐकू आलं. उत्तर फोनवर द्यायचं नव्हतं एवढंच, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तू हसशील, पण टपाल ब्रसेल्सपर्यंत अजून जातं.

तुझा प्रश्न साधा आहे. आता अर्ज केलास तर तू बेल्जियमची नागरिक होशील, आणि मग आर्मेनियाच्या सीमेवर युरोपने जी निरीक्षक मोहीम ठेवली आहे तिच्यात तुला जाता येईल. आपला पासपोर्ट परत करावा लागेल. कागद तयार आहेत, पण 'आई, तू हो म्हटल्याशिवाय देणार नाही' असं म्हणून तू सगळं माझ्यावर ढकललं आहेस. हे मला आवडलेलं नाही. चौतिसाव्या वर्षी माणसाने आईची परवानगी मागू नये. तरी मागितलीस, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी हयात गेली. भारतीय राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नाही, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. दोन गुणांचा प्रश्न. कारणासह लिहा. मुलं घडाघडा लिहायची आणि मी बरोबरची खूण करून पुढे जायची. त्या वाक्यात कुणाची तरी मुलगी असते, असं काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. यापुढे तू रोह्याला येशील ती परदेशी नागरिक म्हणून, हे मी गेले काही आठवडे कुकर लावताना, गॅलरीतले कपडे काढताना स्वतःला ऐकवून पाहते आहे. अजून सवय झालेली नाही.

युरोपच्या परराष्ट्र धोरणावर तू लिहून पाठवलेला तो निबंध मी पेणला छापून घेतला. स्क्रीनवर वाचवत नाही आणि समासात लिहिता येत नाही. तांबडी शाई बरीच लागली आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. सत्तावीस देशांचं एकमत झाल्याशिवाय परराष्ट्र धोरणाचं पान हलत नाही, एकाने नाही म्हटलं की सगळे थांबतात, हे तू चांगलं मांडलं आहेस. शांततेच्या नावाने निधी उभारायचा आणि त्यातून युक्रेनला तोफगोळे द्यायचे, यावर मात्र आपलं भांडण मिटलेलं नाही. अंगावर चालून आलेल्याला थोपवल्याशिवाय बोलणी होत नाहीत, असं तू म्हणतेस. मी म्हणते, मग निधीचं नाव बदला. आणि त्या निरीक्षकांबद्दल मी तुला पूर्वी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. हातात शस्त्र नाही, अधिकार नाही, दुर्बीण घेऊन डोंगरावर उभं राहायचं आणि संध्याकाळी अहवाल लिहायचा. ही शांतता की सहल, असं मी म्हणाले होते. तू त्या दिवशी फोन लवकर ठेवलास.

आता इथली बातमी. फोनवर सांगितली नव्हती, कारण तू काळजीचा सूर काढला असतास. मी पेणच्या खाडीकाठी ज्या शाळेत होते, तिथल्या वरच्या आणि खालच्या आळीचं जुंपलं आहे. खालची आळी भात लावते. वरच्या आळीने कोळंबीची तळी केली आहेत. मधे एकच बांध आणि त्याला एकच उघाडी. ती लाकडी दारं तू लहानपणी पाहिली आहेस. भरतीच्या जोराने मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. दारात एक दगड अडकवला की उधाणाचं खारं पाणी आत येतं. कोळंबीला ते हवं, भाताला ते विष. गेल्या वर्षी दगडावरून लाठ्या निघाल्या आणि खालच्या आळीतल्या हिरामणचं डोकं फुटलं. खालच्या आळीचा गुणाजी आणि वरच्या आळीचा महिपती, दोघे माझ्याच वर्गातले. एका बाकावर बसायचे. श्रावणात गुणाजी रोह्याला घरी आला, म्हणाला, बाई, तुमचं तरी ऐकतील.

मी तुझी आई आहे, तेव्हा काय केलं असेल ते ओळख. शाळेच्या पडवीत सभा घेतली. हक्क आणि कर्तव्यं सांगितली. कोणत्या महिन्यात उघाडी कुणासाठी, असा सहा कलमांचा मसुदा लिहिला, दोन्ही आळ्यांच्या सह्या घेतल्या, पेढे वाटले. पुढच्याच अमावास्येला दारात दगड होता. मी पुन्हा सभा घेतली, ती पहिलीपेक्षा जोरात झाली. खुर्च्या उचलल्या गेल्या. तेव्हा गुणाजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, रागवू नका, पन तुमी समजावलं का दोनी आळ्या जास्त तापतात. तुमी बोलू नका. निस्त्या बसा."

निस्त्या बसा! मला! तुझे बाबा असते तर आठवडाभर हसले असते.

पण बसले. उधाणाची भरती भर दुपारची असते आणि भांडणही तेव्हाच पेटतं, कारण दोन्हीकडची माणसं पाणी बघायला जमतात. सकाळच्या गाडीने निडी, नागोठणे करत पेण, तिथून गुणाजीच्या मोटरसायकलवर बांधापर्यंत. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली आणि तुझा निबंध. रात्रीची भरती त्यांची त्यांनी सांभाळायची, दुपारची माझी. महिपतीने पहिल्याच दिवशी ऐकवलं, "बाईंना खालच्या आळीनं आनलंय, म्हंजे बाई खालच्या आळीच्या. आमच्या हद्दीत खुर्ची नाय टाकायची." मग उघाडीच्या अलीकडेच बसले. तुझ्या निबंधात हेच होतं. निरीक्षक सीमेच्या एकाच बाजूला, पलीकडचा देश पाऊल ठेवू देत नाही. त्या परिच्छेदाशेजारी मी आधी 'मग उपयोग काय?' असं लिहिलं होतं. त्याच कागदावर पावसाचे थेंब पडत होते आणि समोर पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. कुणी पुढे आलं नाही. मी काही केलं नाही. कुणी वाकून दगड उचलला की चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं, बस. महिपतीच्या हातातली काठी पाठीमागे गेली, वर्गात चिंचा लपवायचा तशी.

माझं मत बदललं असं लगेच समजू नकोस. दगड नंतर एकदा रात्री सापडलाच. पण दुपारी लाठी निघाली नाही, हे खरं आहे.

मागच्या एका उधाणाला पलीकडून महिपतीची आई, पुतळी, चहाची किटली घेऊन आली. वय झालं आहे तिचं, बांधावर तोल सांभाळत, पण तोंड तसंच. दुरूनच ओरडली, "बाई, आमच्या अंगाला पन बसा की गो! आमच्या पोरांची डोकी फुटली तर चालतील व्हय तुमाला?" मुलाकडे वळून म्हणाली, "बघतं काय, उचल ती खुर्ची!" महिपतीने मुकाट्याने माझी खुर्ची उघाडीवरून पलीकडे नेली. गुणाजीचं तोंड पडलं, तर पुतळी त्याला म्हणाली, "तू कशाला रुसतंस? ओहोटी लागली का परत घेऊन जा तुझ्या बाईंना." तेव्हापासून मी अर्धी भरती इकडे आणि अर्धी तिकडे बसते.

चहा पिताना तिने विचारलं, पोरगी कुठं हाय, काय करतं. मी म्हटलं, तिलाही असंच बसायला बोलावलंय, परक्या देशात, दोन देशांच्या बांधावर. मला वाटलं विचारेल पगार किती, लग्न कधी. तिने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग तिथं तिला चा कोन देतं?"

दर रविवारी आपण ठराव, निर्बंध, एकमत यांवर वाद घालतो. मी तुझे मुद्दे खोडून काढते आणि ते झालं की फोन ठेवते. तू जेवतेस कुणाबरोबर, हे मला ठाऊक नाही. आणि तुला माझं ठाऊक नाही, कारण कॅमेऱ्यात जेवढी खोली दिसते तेवढीच मी आवरते. मागची पुस्तकं, सतरंजी, फुलदाणी. बाबांच्या खोलीत जाऊन बरेच दिवस झाले. उधाण पंधरा दिवसांनी येतं, स्पृहा. मधले दिवस फार लांब असतात. मी पंचांग बघून अमावास्या-पौर्णिमेची वाट पाहू लागले आहे, आणि ती शांततेसाठी नाही.

आता उत्तर. फोनवर मी 'जा' म्हटलं असतं आणि फोन ठेवला असता. मग तुला वाटलं असतं, आईला काही फरक पडत नाही. पडतो. म्हणून एका शब्दासाठी एवढी पानं. अर्ज दे. पासपोर्ट परत कर, पण आधी त्याच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव. सीमेवर गेलीस की एकाच बाजूला बसावं लागेल, लोक परकी म्हणतील, काही केल्यासारखं वाटणार नाही. उठू नकोस. आणि पहिल्या रविवारी फोन करशील तेव्हा मोहिमेचं धोरण मला सांगू नकोस, ते मी वाचून घेईन. तिथे तुला चहा कोण देतं, ते सांग.

तुझीच, दोन्ही अंगांना बसणारी,
आई